सोळा नंबरची खाट

परवा माझ्या नणंदेची नात भेटायला आली होती. वय एकवीस. तिच्या हृदयाची झडप अरुंद झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय. मुंबईच्या इस्पितळात नाव लागलंय, आणि आता बोलावणं येईपर्यंत घरी थांबायचं आहे. अर्धा तास बसली असेल, पण तेवढ्यात चार वेळा उठली. खिडकीत जाऊन आली, पाणी पिऊन आली, उगीचच दारातल्या चपला सरळ करून आली. मग म्हणाली, "आजी, ऑपरेशनचा सगळे सांगतत. तेच्या आदी वाट कशी बघूची, ता कोण सांगणा नाय."

ती गेल्यावर मी वही काढली. मी ही वाट बघितलेली आहे, आणि खरं सांगायचं तर नीट बघितलेली नाही. जे चुकलं तेही लिहिते. तिला उपयोग झाला तर झाला.

धाप

गोवा मुक्त झाला त्याच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा झाला नव्हता, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले. मी चोवीस वर्षांची होते. मालवणच्या किनाऱ्यावर आमचं घर. माझे यजमान भिकाजी, म्हणजे कुसुमचे बाबा, रापणीवर जायचे. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही टोकांनी माणसांनी ओढायचं लांबच लांब जाळं. घरात सासूबाई आणि आमची तीन वर्षांची कुसुम. माझे वडील शाळेत शिपाई होते, त्यामुळे मी सातवीपर्यंत शिकले. त्या घरात वाचता येणारी मी एकटीच.

सकाळी रापणीची मासळी पाटीत भरायची आणि धामापूरच्या बाजूला गावोगाव विकायला न्यायची, हे माझं काम. आम्ही पाच-सहा जणी एकत्र निघायचो. वाटेत एक चढण होती. त्या वर्षी दिवाळीनंतर त्या चढणीवर मी मागे पडू लागले. आधी मध्यावर थांबायचे, मग पायथ्याशीच. एक दिवस पाटी उतरवून खाली बसले ती उठवेना. छातीत कोणीतरी ओली गोधडी कोंबल्यासारखं झालं. बाकीच्या जणी वरून हाका मारत होत्या आणि मला ओ द्यायला श्वास पुरत नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "जेवणात लक्ष नाय तुझा. वाईच पेज खा, बळ येतला."

पेज खाल्ली. बळ आलं नाही. आडवं पडलं की खोकला यायचा, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागले. एका सकाळी खोकल्यातून गुलाबी फेस आला, तेव्हा कुसुमच्या बाबांनी जाळं तसंच टाकलं आणि मला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांचा दवाखाना

मालवणातले ते डॉक्टर वयस्क होते. त्यांनी मला डाव्या कुशीवर वळवलं, नळी छातीला लावली आणि डोळे मिटून घेतले. इतका वेळ ऐकत राहिले की मला वाटलं, त्यांना डुलकी लागली.

मग विचारलं, "लहानपणी सांधे सुजले होते का गं?"

"होय. दहा वर्षांची असताना. आधी गुडघे, मग घोटे, मग मनगटं. एक उतरला की दुसरा."

"काय केलं तेव्हा?"

"निर्गुडीचा पाला बांधला. देवाला सांगणं केलं. महिन्याभरात बरी झाले."

"सांधे बरे झाले," डॉक्टर म्हणाले. "पण जाता जाता तो ताप तुझ्या हृदयाला लागला. आतली एक झडप कडांनी चिकटली आहे. रक्ताला पुढे जायला वाट पुरत नाही, ते मागे फुप्फुसात साठतं. म्हणून ही धाप."

कुसुमचे बाबा दारात उभे होते. सरकारी माणूस किंवा डॉक्टर समोर असला की ते पुस्तकी मराठी बोलायला जायचे आणि मध्येच अडायचे. "डॉक्टर, औषधाने ही... बरी होतली ना?"

"औषधाने दिवस पुढे ढकलता येतील. झडप मुंबईत उघडतात. छाती उघडून."

यांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी कागदावर लिहिता लिहिता सांगितलं, "आजपासून पाटी बंद. मीठ बंद. आणि ऑपरेशन होईपर्यंत दुसरं मूल नको. हे दोघांनाही सांगतोय, नुसतं हिला नाही."

घरी येताना हे माझ्यापुढे चालत होते. दर दहा-वीस पावलांवर थांबायचे. कधी विडी पेटवायला, कधी चपलेतला खडा काढायला, कधी कोणाची तरी होडी बघायला. मी जवळ पोचले की पुन्हा चालू लागायचे. एवढे खडे चपलेत कधी जात नाहीत. मला कळत होतं.

नाव लागलं

त्याच महिन्यात आम्ही आगबोटीने मुंबईला गेलो. परळला यांचे चुलतभाऊ गिरणीत कामाला होते, त्यांच्या खोलीत उतरलो. मोठ्या सरकारी इस्पितळात आठ दिवस खेपा घातल्या. फोटो काढले, छातीला तारा लावून पट्ट्या काढल्या. एका सकाळी डॉक्टरांच्या मागे शिकाऊ पोरं आली आणि एकामागून एक नळ्या लावून ऐकून गेली. मी मोजत होते, नऊ झाले. एकाने ऐकून दुसऱ्याला डोळ्यांनी खुणावलं, 'मिळाला' म्हणून. त्याला माझ्या छातीत काय मिळालं ते मला कोणी सांगितलं नाही.

शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन करता येईल, पण खाटा कमी आणि माणसं जास्त. नाव वहीत लिहिलंय. खाट रिकामी होईल तेव्हा पत्र येईल. घरी जा, गोळ्या घ्या, महिन्याला सुई घ्या.

"किती दिवसांनी येईल पत्र?" मी विचारलं.

"दोन महिने. चार महिने. सांगता येत नाही."

परतीच्या बोटीवर मी कठड्याला धरून उभी होते आणि मनात एकच हिशोब चालला होता. पावसाळ्यात बोटी बंद होतात. त्याआधी पत्र यायला हवं.

वाट बघणं

पोस्टमन आमच्या वाडीत एक दिवसाआड यायचा. तो येण्याच्या दिवशी मला सकाळपासून काही सुचायचं नाही. तो न येण्याच्या दिवशी तर त्याहून वाईट. तो माडांच्या रांगेआडून दिसला की माझी छाती अशी धडधडायची की वाटायचं, पत्र येण्याआधी हेच थांबायचं. तो लांबूनच हात हलवून 'नाही' सांगायचा.

बसून राहायची सवय नव्हती. हाताला काम हवं म्हणून जाळी दुरुस्त करायला घेतली, तर गाठी चुकायच्या. तांदूळ निवडायला घेतले की अर्ध्यावर सोडून दारात जायची. दारात गेले की परत आत. सासूबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "अगो, एका जाग्यार बस! तुका बघून माका धाप लागता."

मासळी विकणाऱ्यांच्या घरात मीठ बंद म्हणजे काय, ते सांगून कळायचं नाही. सुकी मासळी बंद, खारवलेलं बंद, लोणचं बंद. पहिले आठ दिवस मी ताटावर बसून रडायची. मग सासूबाईंनी माझ्यासाठी वेगळं मडकं केलं. त्यात सोलं, म्हणजे आमसुलं, जास्त, तिरफळं जास्त, मिरची जास्त. मीठ नसल्याचं जिभेला कळायच्या आत बाकी सगळं कळायचं. त्या वयात त्या दोन दोन चुली सांभाळत होत्या, आणि वर माझी पाटीही त्यांनीच डोक्यावर घेतली होती. लांब जमायचं नाही, जवळच्या वाड्यांतून फिरून यायच्या.

मी त्या दिवसांत चांगली वागले नाही. धडधाकट बायका विहिरीवरून दोन दोन कळश्या घेऊन जाताना दिसल्या की मला त्यांचा राग यायचा. कुसुम 'घे, घे' करत पाय धरायची. तिला उचलायची मला मनाई होती, हे तिला कसं कळणार? एकदा ती पाय सोडेना, तेव्हा मी तिला फटका मारला. ती रडली नाही. नुसती बघत राहिली आणि आजीकडे निघून गेली. त्यानंतर तिने 'घे' म्हणायचं सोडून दिलं.

एकदा शेजारची बाई अंगणात सासूबाईंना हळू आवाजात सांगत होती, "भिकाजीक दुसरी बघूक होयी. ह्या काय खरा नाय." आतून मला सगळं ऐकू येत होतं.

त्या बाईच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं. सासूबाई मुळीच हळू बोलल्या नाहीत. "आदी तुझ्या झिलाक पयली गावता काय ती बघ," म्हणाल्या आणि केरसुणी घेऊन ती बसली होती तिथलाच केर काढायला लागल्या.

पत्र

मे महिन्याच्या शेवटी पत्र आलं.

हे रापणीवर होते, सासूबाई मासळी घेऊन गेल्या होत्या. पोस्टमनने लांब तपकिरी पाकीट हातात दिलं. इतके महिने ज्याची वाट बघितली ते हातात आलं, आणि मी आधी दार लोटून घेतलं. फोडून वाचलं. खाट राखून ठेवली आहे, येत्या अकराव्या दिवशी सकाळी हजर व्हावं, सोबत रक्त देणारी दोन माणसं आणावीत, न आल्यास खाट दुसऱ्या रोग्याला दिली जाईल.

मी ते पत्र घडी करून तांदळाच्या डब्यात तळाशी घातलं.

का? आजही मला सरळ उत्तर देता येत नाही. पत्र आलं नव्हतं तोवर माझा सगळा राग पत्रावर होता. ते आल्यावर समोर फक्त सुरी राहिली. दुपारी सासूबाईंनी विचारलं, "काय इला काय?" मी म्हटलं, "परळच्या भावजींचा इला. सगळी बरी आसत."

दुसऱ्या दिवशी सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. डब्यातून तांदूळ काढायला सासूबाई गेल्या की मी आधी उठायची, "मी काढतंय" म्हणायची. सहाव्या दिवशी दुपारी बंदरातून आगबोटीचा भोंगा ऐकू आला. त्या हंगामातली ती शेवटची बोट. भोंगा विरला आणि मला हलकं वाटलं. आता जाताच येणार नाही, देवानेच ठरवलं, असं वाटलं. आणि लगेच स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी मागच्या दारी जाऊन बसले.

आठव्या दिवशी संध्याकाळी कुसुमच्या बाबांनी मला पुळणीवर बोलावलं. ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत आम्ही बसलो. ते समुद्राकडे बघत होते.

"पत्र इला मां?"

मी पायाने वाळू उकरत राहिले.

"पोस्टमन गावलो व्हतो माका वाटेर, त्याच दिसा. सरकारी पाकीट दिलंय म्हणालो. आठ दिस मी गप रवलंय. म्हटला, तू सांगतलंस."

"माका भय वाटता," मी म्हटलं.

"माका वाटणा नाय काय?" ते पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. "तू थंय मुंबयत मरशीत म्हणान भियतंस. मी तू हंय घरात मरशीत म्हणान भियतंय. माज्या डोळ्यांम्होरं. तुजा भय बरा काय माजा बरा, सांग."

मी रडायला लागले. त्यांनी थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाले, "पत्रात काय लिवल्यानी ता माका नको. कधी जावचा, तेवढाच सांग."

"तीन दिवसांत."

ते उठले, पंच्याची वाळू झटकली आणि एस.टी.ची चौकशी करायला तसेच गावात गेले.

माझ्या नणंदेच्या नातीने या भागातून एवढंच घ्यावं. पत्र आलं की त्याच दिवशी ते घरात मोठ्याने वाचून दाखवावं. भीती वाटेलच. ती डब्यात मावत नाही.

घाट

निघताना सासूबाईंनी माझ्या हातात देवळातल्या फुलाची पाकळी दिली. "कौल लावलंय," म्हणाल्या. आमच्याकडे मोठं काम काढायच्या आधी देवाला विचारतात. मूर्तीला पाकळ्या लावतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नको.

"उजवो इलो?" मी विचारलं.

त्या घुटमळल्या. मग म्हणाल्या, "तुजा नाव लागला तेव्हाच गेलंय. पयल्यांदा डावो इलो. दुसऱ्या सोमवारी परत गेलंय, तेव्हाय डावो. मगे देवाक म्हटलंय, पोरीचा वय बघ, तिच्या लानग्या चेडवाक बघ, आणि मगे काय ता सांग. तिसऱ्या खेपेक उजवो दिल्यान." पदराने नाक पुसून पुढे म्हणाल्या, "देवाक सगळा एकदम सांगूचा ऱ्हवला व्हता माजा."

कुसुम त्यांच्या कडेवर होती. मी तिचा हात धरायला गेले तर तिने तो आजीच्या पदरात लपवला.

बोटीने गेलो असतो तर पडून गेले असते. एस.टी.ने फोंडाघाट चढून कोल्हापूर गाठायचं, पुढे आगगाडी, पुण्याला बदलून मुंबई. घाटात वळणावळणाला माझा श्वास अडकत गेला. खिडकीशी बसवलं तरी वारा आत जाईना. ओठ काळेनिळे पडले. कोल्हापुरात उतरल्यावर हे मला पाठुंगळी मारून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथे सुया दिल्या, लघवीवाटे साठलेलं पाणी काढलं आणि दोन दिवस हलू दिलं नाही. मी खाटेवर पडून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. तारीख माझ्या डोळ्यांदेखत येऊन गेली.

परळच्या इस्पितळात पोचलो तेव्हा वही उघडून बाई म्हणाली, "परवा यायला हवं होतं. खाट गेली." आवाजात राग नव्हता. हाच निरोप ती रोजच देत असावी. "पुढची रिकामी झाली की बघू. मुंबईतच थांबा."

पुन्हा वाट. या वेळी भावजींच्या खोलीत, चार भिंतींच्या आत. हे रोज सकाळी इस्पितळात जाऊन विचारून यायचे आणि जिन्यावर त्यांची पावलं वाजली की मी कान टवकारायची. हळू पावलं म्हणजे नाही. एकवीस दिवस हळूच होती.

हौसा

बाविसाव्या दिवशी खाट मिळाली, सतरा नंबर.

वॉर्डाचा दिवस पहाटे थर्मामीटरने सुरू व्हायचा. मग जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, मगातून चहा, मग वजन, मग पाण्याचा प्रत्येक घोट कागदावर. दुपारी चार वाजता घंटा झाली की नातलग आत यायचे. हे सकाळपासून समोरच्या फुटपाथवर बसलेले असायचे, पण घंटा झाली तरी सगळ्यांत शेवटी यायचे. आणि आले की विचारायचे, "जेवलंस?" दुसरं काही त्यांना तिथे सुचायचंच नाही.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक शिक्षिका होत्या. मला पुस्तक वाचायला द्यायच्या. एका सकाळी त्यांना ऑपरेशनला नेलं. संध्याकाळी त्यांच्या खाटेवर धुतलेली चादर होती. त्या दिवशी वॉर्डात कोणी जेवलं नाही. पुस्तक माझ्याकडेच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान आले, त्यांना ते दिलं. त्यांनी ते उघडून आत खुणेला घातलेला कागद कुठे होता ते बघितलं.

त्या रात्री मला पळून जायचं होतं. गेले नाही, ते सोळा नंबरच्या हौसामुळे.

हौसा साताऱ्याकडची, माझ्याएवढीच. तिचं ऑपरेशन होऊन साडेतीन आठवडे झाले होते. ती उठून माझ्या खाटेवर येऊन बसली, चोळी बाजूला करून तिने डाव्या बाजूचा छातीपासून पाठीपर्यंत गेलेला टाक्यांचा व्रण दाखवला. "बघून घे," म्हणाली. "न बघता जास्त भ्या वाटतं. आन् खोकताना उशी अशी कवटाळून धरायची. खोकावं तर लागतंयच, न्हाई खोकलं तर सिस्टर बडवतीया."

मग हसत म्हणाली, "माझं नशीब बघ की. ही सोळा नंबरची खाट कुणा कोकणातल्या बाईची हुती म्हणं. तिला पत्र धाडलं, पर ती आलीच न्हाई. मी भाईर व्हरांड्यात पडलेली, निळी झाल्याली. मला उचलून हितं टाकली. दुसऱ्या दिशी कापली. डाक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर संपली असती."

दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिला वाटलं, मी घाबरले आहे. तिसऱ्या दिवशी तिला सगळं सांगितलं. तांदळाचा डबा, शेवटची बोट, सगळं.

ती हसायला लागली आणि घाईने उशी छातीशी धरली. "हसवू नगंस गं, टाका दुखतोय! तुझ्या भित्रेपणावर मी जगले म्हण की." हसू ओसरल्यावर तिने माझा हात दाबला. "पर आता पळायचं न्हाई. आता तुझ्या मागं कोण पडलंय व्हरांड्यात, ती बी वाचायची आसंल. तुझी खाट लवकर रिकामी कर."

मी आजवर माझ्या त्या आठ दिवसांना चांगलं म्हटलेलं नाही. ते चुकीचेच होते, माझा जीव त्यात जाता जाता राहिला. पण हौसा जगली. या दोन गोष्टी मला एकमेकींत बसवता येत नाहीत.

बोट

आदल्या दिवशी मोठे सर्जन आले. त्यांनी सांगितलं, "तुझ्या हृदयात बोट घालून चिकटलेली झडप मोकळी करणार."

"बोट?" मी विचारलं. मला वाटलं होतं, काही यंत्र असेल.

"हे," त्यांनी उजव्या हाताची तर्जनी दाखवली. साधं बोट, नख मुळापर्यंत कापलेलं. त्या दिवशी मी त्या बोटाशिवाय दुसरा विचार केला नाही. माणसाचं बोट म्हटल्यावर भीती थोडी कमी झाली. का, ते माहीत नाही.

रक्त द्यायला भावजी आले आणि कुसुमचे बाबा. वादळात होडी घालणारा माणूस, पण सुई बघून घेरी येऊन पडला. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "आता काढा, आता माका कळणा नाय."

ऑपरेशनचं मला काहीच आठवत नाही. जागी झाले ती वेदना घेऊन. बरगड्यांच्या मधून कोणी पहार घालून ठेवली आहे असं वाटायचं. सिस्टर म्हणायची, "खोक." मी मान हलवायची. ती पाठीवर थाप मारायची, आणि पलीकडून हौसा ओरडायची, "उशी! उशी धर!"

चौथ्या दिवशी सिस्टरने माझ्या मागच्या उशा एक एक करून काढल्या. मी घाबरून तिचा हात धरला. "झोप सपाट," ती म्हणाली. मी डोळे मिटून वाट बघत राहिले, आता कोंडेल, आता खोकला येईल. आला नाही. छताचा पंखा दिसत होता. आठ महिन्यांत मी छत असं सरळ पडून बघितलं नव्हतं.

ती झडप पुढे सोळा वर्षांनी पुन्हा अरुंद झाली आणि पुन्हा उघडावी लागली. हेही सांगून ठेवते, म्हणजे कोणाला फसवलं असं व्हायला नको. पण त्या सोळा वर्षांत मी पाटी वाहिली, दोन मुलं झाली, माणसांत राहिले.

घर

दर आठवड्याला तपासणी होती म्हणून आणखी दोन महिने परळलाच राहावं लागलं. नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुरू झाल्या, आणि पहिल्या आठवड्यातच आम्ही निघालो. मालवणला आगबोट बाहेर उभी राहायची, तिथून होडीने किनाऱ्यावर. पुळणीवर सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, गालावर हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, "रंग इलो तुका."

कुसुम त्यांच्या मागे होती. बापाला बघून तिने उडी मारली. माझ्याकडे बघितलं आणि आजीला विचारलं, "ही कोण?"

सासूबाईंनी तिला दटावलं. मी म्हटलं, "रवांदे."

तीन दिवस ती माझ्याजवळ आली नाही. मी तिच्यासाठी आणलेली लाकडी बाहुली तिने घेतली, पण माझ्या हातून नाही, आजीच्या हातून. केसांना तेल लावायला बोलावलं तर दाराआड जाऊन उभी राहिली. जेवायला आजीच्या ताटात, झोपायला आजीच्या कुशीत. मी रागवत नव्हते. तिने 'घे' म्हणायचं का सोडलं होतं, ते मला ठाऊक होतं. पण हात शिवशिवायचे. घरभर फिरत राहायची, एक काम धड करत नव्हते.

चौथ्या दिवशी दुपारी सासूबाई खळ्यात भात पाखडत होत्या. मी ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. आत कुसुम झोपेतून उठली. "आये," अशी तिने आजीला हाक मारली. उत्तर आलं नाही. डोळे चोळत, एका हाताने झगा धरून ती बाहेर आली, इकडेतिकडे बघितलं, आणि जी होती तिच्या मांडीत येऊन बसली. पुरती जागी झालीच नव्हती. डोकं माझ्या डाव्या बाजूला, बरोबर टाक्यांवर टेकलं आणि पुन्हा झोपी गेली.

दुखत होतं. मी हलले नाही. पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला, तरी हलले नाही.

थोड्या वेळाने सासूबाई सूप घेऊन दारात आल्या. आम्हाला बघितलं. एक पाऊल आत टाकलेलं होतं ते त्यांनी मागे घेतलं, आणि बाहेर पायरीवर जाऊन, सूप मांडीवर ठेवून, बराच वेळ बसून राहिल्या.